बाटलीवरची बाई

“काकी, भाच्याने बेल्जियमहून काय आणलंय सांगू? बिअर! आणि बाटलीवर चक्क एका बाईचं चित्र.”

“मग आमच्या ह्यांना दाखवू नकोस हो. कसली बाई?”

“तसली नाही! खानदानी आहे. हातावर ससाणा बसलाय. मेरी तिचं नाव, बर्गंडीची डचेस. बिअरचंही नाव तेच, ‘डचेस दे बूर्गोन’.”

“फिरंगीण म्हणजे? आपल्या तारापूरच्या किल्ल्यात होते त्यांच्यातली?”

“छे, ते पोर्तुगीज. ही त्यांच्याही आधीची, १४५७ ला जन्मलेली. बाप लढाईत मेला तेव्हा एकोणीस वर्षांची पोर, आणि सगळ्या मुलखाची वारस ही एकटीच. फ्रान्सचा राजा टपलेलाच होता. तिने काय केलं, गावोगावच्या लोकांना त्यांचे जुने हक्क परत लिहून दिले, ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनशी लग्न लावलं आणि बरंचसं राज्य राखलं.”

“शहाणी होती म्हणायची.”

“पण सुख कुठे? १४८२ मध्ये ससाणे घेऊन शिकारीला गेली, घोड्यावरून पडली आणि त्यातच गेली. पंचवीस वर्षांची. मागे लहान मुलगा आणि मुलगी.”

“अगं बाई! आणि अशा लेकीला त्यांनी दारूच्या बाटलीवर बसवली?”

“मानाने बसवली म्हणतात! व्हिख्ते नावाचं गाव आहे, तिथल्या व्हेरहागे घराण्याची ही भट्टी, १८८५ पासूनची. भाचा म्हणतो, तिकडे कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मी घोटभर चाखली. बिअर कसली, चिंचेच्या कोळात गूळ घातल्यासारखी!”

“आंबट? मग शिळी असणार. पोराला गंडवलं कुणीतरी.”

“नाही हो, मुद्दामच आंबवतात. ओकच्या मोठाल्या पिंपांत महिनोन् महिने ठेवायची. लाकडात जिवाणू असतात, ते तिला आंबट करतात. मग जुनी आंबट आणि नवी गोडसर एकत्र करून चव जुळवायची. त्यात दारू सव्वासहा टक्क्यांच्या आसपास असते म्हणे.”

“महिनोन् महिने? आमच्या सासऱ्यांचं काम एका दिवसात व्हायचं. पहाटे ताडावरून मडकं उतरवलं की नीरा, गोड. ती गोडच राहावी म्हणून मडक्याला आतून चुना फासायचा. चुना नसेल तर ऊन चढेपर्यंत फेस, दुपारी ताडी, आणि दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं करणारा शिरका. बाहेरून कुणी काही घालत नाही, हवेतलं आणि मडक्यातलं जे असेल तेच आंबवतं.”

“मग ताडीला कुणाचं नाव का नाही दिलं?”

“नाव कसलं द्यायचं? गिऱ्हाईक एवढंच विचारतं, ताडाची की शिंदीची?”

“समजा, ‘चिमाजी अप्पा ताडी’ असा बोर्ड लावला तर?”

“हळू बोल! बोईसर बंद होईल. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून तारापूर घेताना सरदार बाजी भिवराव पडले, आणि त्यांच्या धन्याचं नाव तू मडक्यावर घालतेस?”

“तसंही सरकारने दार लावलंच आहे. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मराठी पाट्यांचा निर्णय घेतला ना, त्यातच ठरलं की दारूच्या दुकानाला, बारला महापुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव द्यायचं नाही. आणि बिडीचं तर आठवतंय ना? लोकांनी ओरड केली तशी ‘संभाजी बिडी’ची ‘साबळे बिडी’ झाली.”

“बरंच झालं. बिडीच्या थोटकाबरोबर राजांचं नाव गटारात जात होतं.”

“आणि नाशिकची ‘सुला’ वाइन? मालकाने आईच्या नावावरून ठेवलंय, सुलभा.”

“आईचं नाव? अगं, ती माउली काय म्हणाली असेल! पण आईचं नाव लावलंय तर माल तरी पातळ करणार नाही.”

“म्हणजे नाव असलं की माल चांगला?”

“मी तसं कुठे म्हटलं? त्या मेरीला राज्य सांभाळताना घाम फुटला, तिला बाटलीवर बसून काय मिळालं? भट्टीवाल्याचा धंदा झाला. आपल्याकडे नाव द्यायचंच असेल तर झाडावर चढणाऱ्याचं द्या. साठ फूट वर, पाठीला मडकं, कमरेला कोयता, आणि खाली बघायचं नाही.”

“तुमच्या मागच्या ताडावर कोण चढतो हल्ली?”

“कोण चढणार! जो चढायचा, त्याचा पोरगा एमआयडीसीत लागला, रंगाच्या कंपनीत, तीन पाळ्यांत. परवा भेटला तर म्हणाला, काकी, ताडगोळे शंभरला डझन झाले, मला परवडत नाहीत. आणि त्याच्या बापाने लावलेलं झाड माझ्या अंगणात उभं!”

“मग चढा म्हणावं की एकदा रविवारी.”

“म्हटलं ना. तर म्हणतो, विमा उतरवा आधी.”