फक्त साउंड राहिलाय

हॅकिंतोशकरांना ‘कॉम्प्युटर चालतो का?’ असं विचारू नये. ‘चालतो की! फक्त साउंड राहिलाय.’ गेल्या दिवाळीत फक्त वायफाय राहिलं होतं. त्याआधी फक्त स्लीप. म्हणजे मशीन झोपलं की उठायचं नाही, आणि त्यापायी हे झोपायचे नाहीत.

हे आडनाव कुठल्या कुलवृत्तांतात सापडायचं नाही. असेंबल केलेल्या पीसीवर अ‍ॅपलची मॅकओएस चढवणाऱ्या जमातीला मीच ते दिलंय. २००५ साली अ‍ॅपलने इंटेलची चिप घ्यायचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी तसे मॅक बाजारात आले. आतलं काळीज आपल्याच पीसीचं, तर मग एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न पडायला पुणेकरच असावं लागतं असं नाही. पण आमचे पुण्याचे आहेत.

ते तापकीर गल्लीत यादी घेऊन गेले. दुकानदाराने भोळेपणाने विचारलं, ‘साहेब, विंडोज टाकून देऊ?’ एकादशीला कुणी कांदाभजी पुढे करावी, तसा त्यांचा चेहरा झाला. मशीन मॅकच्या निम्म्या पैशांत उभं राहिलं. उरलेले निम्मे पुढे सुटे सुटे गेले. २०१८ साली मॅकओएसची मोहावी ही आवृत्ती आली आणि यांचं नवंकोरं ग्राफिक कार्ड तिच्या गावीच नव्हतं. ते विकून दुसरं घेतलं. मग वायफायचं कार्ड, तेही मोडीत निघालेल्या खऱ्या मॅकमधून काढलेलं.

आता हे मशीन आयमॅकच आहे, अशी मॅकओएससमोर खोटी साक्ष द्यायला ओपनकोर नावाचा साक्षीदार लागतो. त्याच्या हाताखाली बारक्या फायली, केक्स्ट. त्यांत मुख्य लिलू. तिच्याशिवाय बाकीच्या कित्येकांचं पान हलत नाही. रात्री दोनला फोनवर ‘लिलू नीट बसली ना?’ हे वहिनींनी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा दोन दिवस घरात बोलणं बंद होतं.

यूएसबीचं तर विचारू नका. एका कंट्रोलरमागे पंधराच पोर्ट चालतात, आणि निळं भोक एकटं दोन जागा अडवतं. एका रविवारी मी गेलो तर हे टेबलाखाली पालथे, तोंडात टॉर्च. जुना पेनड्राइव्ह एकेका भोकात खुपसायचा, आणि वर मुलीने स्क्रीनवर उमटलेलं नाव गणिताच्या वहीत मागच्या पानावर लिहायचं. ‘बाबा, हे आलं.’ ‘आता नवा पेनड्राइव्ह लाव म्हणजे दुसरंही येईल!’ कोणती पंधरा ठेवायची यावर जो खल झाला, तेवढा वहिनींच्या माहेरच्या जमिनीच्या वाटणीतही झाला नव्हता.

चालू करताना सफरचंदाचं चित्र यांना नको असतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या पाहिजेत. त्या ते ओठ हलवत पोथीसारख्या वाचतात. ओळी अडकल्या की फोनने फोटो. मुंजीएवढ्या थाटात झालेल्या मुलीच्या वाढदिवसाचे फोटो शोधायला वहिनींना असे शेकडो काळे पडदे ओलांडावे लागतात.

हे सगळं नियमात बसतं का, असं मी एकदा विचारलं. अ‍ॅपलचा करार सांगतो, ही प्रणाली अ‍ॅपलचं नाव असलेल्या मशीनवरच टाका. शिवाय प्रणालीतच एक फाइल आहे, जिचं नावच ‘डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स’. त्यांनी उत्तर न देता कॅबिनेटकडे बोट केलं. भाच्याच्या आयफोनच्या खोक्यातलं सफरचंदाचं स्टिकर तिथे चिकटवलेलं होतं. आणि हो, लाइटचं बिल, बँक, रेल्वेचं तिकीट हे सगळं ते मोबाइलवर करतात. मशीनवर कामं कशी करणार? ते तयार होतंय ना!

जून २०२५ मध्ये अ‍ॅपलने सांगितलं की इंटेलसाठी टाहो हीच शेवटची आवृत्ती. मला वाटलं, समाचाराला जावं. पण त्याच आठवड्यात त्यांना साउंडचा नंबर लागला. लेआउटचा एकेक आकडा टाकायचा, रीस्टार्ट, शांतता, पुढचा आकडा. अकराव्याला रात्री अडीच वाजता अख्ख्या विंगला भीमण्णा ऐकू आले.

परवा जिन्यात भेटले. डोळे तारवटलेले, पण चालीत वऱ्हाडातल्या करवल्याचा तोरा.

‘टाहो टाकली!’

‘आणि साउंड?’

‘गेला!’ ते टाळीसाठी हात पुढे करत म्हणाले. ‘अ‍ॅपलने आवाजाचा जुना भागच काढून टाकलाय. मुळापासून बघावं लागणार!’