चूक कोणाची, बंपर कोणाचा

वाशीत अरेंजा कॉर्नरला सिग्नल लाल झाला, मी थांबलो आणि मागचा टेम्पो थांबला नाही. एवढी सरळ गोष्ट. पण टेम्पोवाला माझ्या आधी खाली उतरला आणि माझ्या आधी ओरडला, "ओ काका, ब्रेक कशाला मारला?"

"सिग्नल लाल होता."

"मग? हवालदार होता का?"

आधी ओरडेल तो फिर्यादी, हा आपल्या रस्त्यावरचा कायदा. त्याचं पोटकलम असं, की दोन गाड्यांत मोठी गाडी दोषी. त्या भरवशावर मी निर्धास्त होतो. टेम्पोत एपीएमसीतले कांदे होते, वजन त्याच्याच बाजूला. तेवढ्यात गर्दीतला एक डिलिव्हरीवाला म्हणाला, "कारवाल्यांचा इन्शुरन्स असतो हो, गरिबाला कशाला छळता?" झालं. मी उभ्या उभ्या आरोपी झालो आणि मागच्या रिक्षांच्या हॉर्नमध्ये निकाल जाहीरही झाला.

मग हट्टाने पोलीस ठाणं गाठलं.

"कोणाला लागलंय?"

"नाही."

हवालदारसाहेबांनी उघडलेलं पेन बंद केलं. "मग मिटवून टाका ना." कोणाला लागलं असतं तर रीतसर पंचनामा झाला असता, 'सदर रस्ता पूर्व-पश्चिम असून उत्तरेस पानटपरी आहे' असं काहीतरी उमटलं असतं, नाक्यावरचा चहावाला पंच झाला असता. माझा नुसता बंपर फुटलेला. त्याची बोळवण स्टेशन डायरीतल्या दीड ओळीवर झाली.

सोसायटीतल्या निवृत्त काकांना मात्र भलताच हुरूप आला. "टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यातून बंपर वसूल करा! मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, 1988 च्या कायद्याचं कलम 166. सहा महिन्यांच्या आत अर्ज. फक्त त्याची चूक सिद्ध करायची."

"मागून ठोकलंय, अजून काय सिद्ध करायचं?"

"असं नसतं. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काय केलं? कोइमतूरकडच्या हायवेवर गरोदर बायकोला मळमळलं म्हणून एकाने अचानक ब्रेक मारला. मागची मोटारसायकल कारवर आदळली, पोरगा पडला, मागून बस आली. दोषाची वाटणी झाली: कार 50 टक्के, बस 30, मोटारसायकल 20." काका जरा थांबले. "वहिनी गाडीत होत्या?"

"होत्या."

"मळमळत वगैरे होतं का?"

हिने साठीच्या उंबरठ्यावरून काकांकडे असं काही पाहिलं, की त्यांनी मुद्दाच बदलला. "माणसाला काही झालं असतं तर हिशेब सोपा असतो. 2009 चा सरला वर्मा निकाल. वर्षाची कमाई गुणिले वयाप्रमाणे गुणक. पंचविशीपर्यंत 18. तुमचं वय?"

"अठ्ठावन्न."

"नऊ," काकांनी कांद्याचा भाव सांगावा तसा माझा भाव सांगितला. "साठी उलटली की सात."

"म्हणजे जे काय करायचं ते लवकर करा," ही म्हणाली.

शेवटी स्वतःच्याच विम्याला शरण गेलो. सर्व्हेअर आला, वाकून बघितलं, फोटो काढले. बंपरवर बोट ठेवून म्हणाला, "हा ओरखडा जुना आहे." ओरखड्याचं वय त्याने कशावरून काढलं कोण जाणे, पण त्याचा गुणक शून्य निघाला. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा, वर हजार रुपये माझ्या खिशातून, आणि वर्षानुवर्षं जपलेला नो क्लेम बोनस गेला तो वेगळाच. ठोकलं त्याने, बोनस गेला माझा. "यात माझी चूक काय?" असं विचारलं तर म्हणाला, "सर, फॉर्ममध्ये तो कॉलम नाही."

हा सगळा इतिहास मी गॅरेजवाल्यालाही ऐकवला, अगदी कोइमतूरसकट. तो पान्याने बंपर ठोकून बघत होता. माझं संपल्यावर मान वर करून म्हणाला, "चुकीचं राहू द्या हो साहेब. ओरिजिनल टाकायचा की लोकल?"