स्टँडवरचं आरोग्य

जागतिक सायकल दिन 3 जूनला असतो. त्या दिवशी आपल्याकडच्या शाळांना कुलूप असतं आणि पोरं करवंदाच्या जाळीत असतात. त्यामुळं हा दिन शाळा भरल्यावर, जूनच्या अखेरीस उरकतात. शाहूवाडीत जूनची अखेर म्हणजे काय, हे आंबा-गजापूरकडं नोकरी केलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारा. छत्री उलटी होते आणि पटांगणात म्हशी बसतात.

तर तालुक्यातल्या एका शाळेत 'सायकलीतून आरोग्य' शिकवायचं ठरलं. (शाळेचं नाव विचारू नका, शेजारच्या शाळेतही तेच झालं असणार.) पटांगणात चिखल. रस्त्यावर रत्नागिरी महामार्गाचं चौपदरीकरण, त्यात डंपर. वरून सूचना आली, सुरक्षिततेची काळजी घ्यावी. गुरुजींनी घेतली. डेअरीला दूध घालणाऱ्या एका मामांची सायकल मागून आणली, व्हरांड्यात डबल स्टँडवर चढवली आणि पोरांना ओळीत उभं केलं.

हा स्टँड मला काही केल्या सोडवत नाही. मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर. पोरगं बसणार, पायडल मारणार, चाक गरगर फिरणार आणि पोरगं घाण्याच्या बैलाइतकंही पुढं जाणार नाही. त्यात सायकल मोठ्या माणसाची. तिसरीतल्या पोराचा पाय वरच्या पायडलला कसाबसा टेकतो, खालचं पायडल त्याच्या नशिबात नाही. मग गुरुजी एका हातानं त्याची कंबर धरतात आणि वाकून दुसऱ्या हातानं पायडल फिरवतात. म्हणजे घाम गुरुजींना, आरोग्य पोराला. शिपाई मोबाईल धरून ओरडतो, "हस की रं!" दुधाच्या किटलीचा आकडा फोटोत येतो म्हणून त्यावर झेंडूची माळ. एक मिनिट झालं की उतर, पुढचा. मधेच चौथीतली एक पोरगी विचारते, "सर, ही पुढं कवा जाणार?" तिला ओळीतून बाहेर काढतात. उपक्रमाच्या उद्दिष्टांत तो प्रश्न बसत नाही.

हिशेब मात्र चोख. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं मध्यम ते दमदार हालचाल करावी, अशी जगभर मानलेली शिफारस आहे. शाळेचा पट साठ. साठ पोरं, प्रत्येकी एक मिनिट. झाली की 60 मिनिटं! शिफारस दर मुलामागं होती की दर शाळेमागं, असा रकाना अहवालात नाही. फोटो चढवायला व्हरांड्यात रेंज नव्हती, म्हणून गुरुजी मागचा टेक चढून गेले. त्या दिवशी शाळेत खरा व्यायाम झाला तो एवढाच.

स्टँडवर आणखी एक सोय आहे. ब्रेक शिकवावा लागत नाही. जिथं सगळा तालुका उताराचा, जिथं सायकल चालवणं म्हणजे निम्मं ब्रेक दाबणं, तिथं पोरं ब्रेकविना उत्तीर्ण! नेदरलँड्समध्ये अकरा-बारा वर्षांची पोरं वाहतुकीच्या खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा देतात. हात दाखवून वळणं, मागं बघणं, थांबणं, सगळं तपासतात. तिथल्या पोरांना रस्ता मिळतो, आपल्या पोरांना स्टँड मिळतो.

आणि आरोग्य कुणाला शिकवताय हो? धनगरवाड्यावरून रोज डोंगर उतरून येणाऱ्या आणि संध्याकाळी तोच चढून जाणाऱ्या पोराला? त्याच्या पोटऱ्या बघा एकदा. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत. नकाशावरचा किलोमीटर सपाट असतो, त्यात ओढा येत नाही, जळवा येत नाहीत. तरी 2023 मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम निघालीच होती. आधी शाळा लांब न्यायची, रस्ता द्यायचा नाही, पोरगं भिजत चालत आलं की त्याला व्हरांड्यात सायकलवर बसवून सांगायचं, बाळ, हालचाल करत जा! त्या पोराला व्यायाम कमी पडत नाही. त्याला कमी पडतो तो ओढ्यावरचा साकव, कोरडा गणवेश आणि पोटभर जेवण. यातलं एकही स्टँडवर चढवून फोटोत घेता येत नाही, म्हणून त्याचा दिन नसतो.

सायकल पडल्याशिवाय येत नाही, हे गुडघ्यावर खूण असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा पालकांनो, गोठ्यात एखादी लहान सायकल गंजत पडली असेल तर पंक्चर काढा, ब्रेकचे रबर बदला आणि दिवाळीनंतर पटांगण वाळलं की शाळेत नेऊन द्या. नेण्याआधी तिचा स्टँड तेवढा पान्यानं काढून घरी ठेवा.