पाच दारं, चार माणसं

मारुतीची जिम्नी घ्यावी की नाही, यावर डहाणूच्या आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा माझ्या लग्नाच्या वेळीही झाला नव्हता. लग्नात निदान पत्रिका जुळली होती. इथे कंपनीच्या पत्रकावरच गाडी अडली. दारं पाच आणि बसायची सोय चौघांची. मागचं, स्टेपनी टांगलेलं दारही मोजतात, म्हणून पाच. घरात आम्ही पाच जण. आईने एवढंच ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे माणशी एक दार, आणि ते मागचं माझं? बाहेरून लटकायला?"

मी तिला आकड्यांनी गप्प करायला गेलो. लांबी चार मीटरच्या आत, म्हणजे सागर नाक्याच्या गर्दीतही निघेल. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन. जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर.

"वीतभरच की," असं म्हणून तिने वीत पसरून दाखवली. हिशेब केला तर खरंच तेवढीच भरते.

हे वेड माझं जुनं आहे. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली आणि वनखात्यापासून पोलिसांपर्यंत सगळीकडे शिरली. धुरळा उडवत जाणारी जिप्सी पाहिली की आम्हा पोरांना साहेब व्हावंसं वाटे. साहेबांचं काम काय असतं याची चौकशी कोणी केली नाही. जिम्नी त्याच घराण्यातली. जपानात हे घराणं १९७० पासून नांदतंय. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे जून २०२३ मध्ये विक्रीला आली. मग जानेवारी २०२५ मध्ये गुरुग्रामला बनलेली हीच गाडी जपानमध्ये विकायला काढली, तर काही दिवसांतच पन्नास हजारांच्या आसपास मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. हे मी घरात मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं.

"तिकडे सासवा वेगळ्या राहत असतील," बायको म्हणाली.

तिचं मत डावलून चालणार नव्हतं, कारण जिम्नीच्या चारही चाकांच्या ताकदीची खरी गरज घरात तिलाच. तळासरी तालुक्यात उधव्याच्या पुढे एका पाड्यावर ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तेव्हा टेस्ट ड्राइव्ह तिच्या शाळेपर्यंतच घ्यायची ठरली. आई घरी राहिली. राहिली म्हणजे काय, सेल्समन धरून पाच झाल्यावर दुसरं कोण उतरणार! धाकट्याला मोठ्याच्या मांडीवर बसवावं लागलं, ते वेगळंच.

हायवेला लागल्याबरोबर मोठ्याने "बाबा, फोर-बाय-फोर टाका ना!" असा लकडा लावला. सेल्समन दचकला. कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोरचा छोटा लिव्हर हलवायचा नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, आणि हा फरक सांभाळणारा डिफरन्शियल या गाडीत पुढच्या-मागच्या आसांच्या मध्ये नसतो. चिखलात चाक जरासं घसरतं आणि भांडण मिटतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग टायर झिजतात. एकत्र कुटुंबातही असंच होतं म्हणा.

पाड्याची वाट लागली. मधोमध गवताची पट्टी, दोन्हीकडे चाकोऱ्या, आणि चढाच्या तोंडाशी डबकं. गाडी उभी केली, न्यूट्रलवर आणली आणि तो छोटा लिव्हर दाबून फोर-एलवर, म्हणजे चारही चाकांच्या संथ पण जोरदार गिअरवर, ओढला. इंजिन घुमलं आणि पाय जेमतेम टेकवला तरी गाडी रांगत वर निघाली. ना हिसका, ना घसरण. मुलांनी टाळ्या पिटल्या. अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात समोरून शेअरिंगची जीप उतरली. तिला ताकद मागच्या दोनच चाकांची. आत माणसं किती ते मोजता येत नव्हतं, दारात तिघं लोंबकळत होते, टपावर तांदळाची पोती आणि एक सायकल. आम्हाला वाट द्यायला ड्रायव्हरने एका हाताने जीप शेताच्या बांधावर चढवली.

"बाई, नवी गाडी? किती बसतात?"

"चार," बायको म्हणाली.

त्याने आमच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की सेल्समनने मान खाली घातली.

परतताना बायकोने तिच्या अनुभवाचं एकच सांगितलं: पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत असलं की कुठलाच गिअर कामाचा नाही. चाक जमिनीला टेकलं तर ताकद. गाडी तरंगली की चार काय आणि दोन काय! पाणी उतरेपर्यंत थांबायचं, तिथली माणसं तेच करतात.

उरलं सामान. मागची सीट उभी असताना डिकी २०८ लिटरची. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या वाडीतले क्रेट काही त्यामुळे लहान झाले नाहीत. सीट पाडली तर क्रेट मावतात, पण मग माणसं दोनच. चिकू उतरवायची जाळी बांधलेली बांबूची काठी तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. पेट्रोलची मात्र चिंता नव्हती. आच्छाडची हद्द ओलांडून गुजरातेत भिलाडला टाकी भरली की स्वस्तात पडतं, हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

शेवटचा घाव आईने घातला. चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला आम्ही सगळे मिळून जातो. "या वर्षी देवीला काय सांगू? सूनबाई पुढच्या खेपेला येते म्हणून?" सूनबाईने माझ्याकडे पाहिलं.

मी थार रॉक्सचं नाव काढून पाहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली, पाच जणांना घेणारी. पण ती चार मीटरच्या बाहेर जाते आणि फोर-बाय-फोर हवी तर डिझेलच घ्यावी लागते. आमच्या गल्लीचं आणि बँकेतल्या शिलकीचं एकमत झालं.

तेव्हा निकाल असा. घरात माणसं चारच असतील आणि रोजची वाट खरोखर चिखलाची असेल, तर जिम्नी खुशाल घ्या. चढावर ती पैसे वसूल करते. पाच जण असाल, तर पाच आसनांची, जरा उंच, साधी दोन चाकांच्या ताकदीची गाडी घ्या आणि फरशीवर पाणी असलं तर घरी बसा. आम्ही तशीच घेतली. बायको मात्र पावसाळ्यात अजून त्याच शेअरिंगच्या जीपने शाळेत जाते.