पाचशेची मोड

एटीएमपुढे उभा राहिलेला माणूस आधी आपल्या गरजेचा हिशेब करतो आणि मग यंत्राच्या मर्जीचा. गरज असते साडेतीनशेची. यंत्र पडद्यावर मराठीतूनच बजावतं, की रक्कम १०० च्या पटीत टाका. इथे घासाघीस चालत नाही. मुकाट्याने ५०० टाकायचे आणि आतली घरघर ऐकत उभं राहायचं. सरावलेले लोक त्या आवाजावरूनच काय ते ओळखतात. घरघर लांबली तर शंभराच्या नोटा, लगेच आटोपली तर पाचशेची एकच.

पण यंत्राला आडमुठं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्या पोटात साधारण चार पेट्या असतात. बँकवाले त्यांना कॅसेट म्हणतात. एका पेटीत एकाच किमतीच्या नोटा, दोन-अडीच हजारांच्या घरात. पेटीत ज्या नोटा घातल्या असतील त्याच ते देणार. गठ्ठ्यातून एकेक नोट सुटी करून उचलली जाते, काही यंत्रांत रबरी चाकांनी, तर काहींत हवेच्या ओढीने. वाटेत तिची जाडी तपासली जाते. दोन नोटा चिकटून आल्या किंवा एखादी दुमडलेली निघाली, तर ती आपलं तोंडही पाहत नाही. नाकारलेल्या नोटांसाठी आत वेगळी पेटी असते, तिकडे तिची रवानगी होते. मुळात यंत्रात भरायच्या नोटा आधीच तपासून, धडधाकट तेवढ्याच निवडायच्या असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्यात दहाच्या नोटेचा काय पाड लागणार? ती बटव्यात चार घड्या होऊन राहिलेली, पावसात भिजलेली, देवळातल्या दानपेटीतून फिरून आलेली.

खरी मेख मात्र नोटा पोचवणाऱ्या गाडीच्या भाड्यात आहे. पेटी अडीच हजार नोटांची धरा. ती दहाच्या नोटांनी भरली तर आत २५ हजार रुपये, शंभराच्या नोटांनी अडीच लाख आणि पाचशेच्या नोटांनी साडेबारा लाख. जागा तेवढीच, गाडी तीच, डिझेल तेवढंच, बंदूकवाला रखवालदारही तोच. दहाच्या नोटा भरल्या तर सकाळी भरलेली पेटी दुपारच्या चहापर्यंत रिकामी व्हायची, आणि सुट्ट्यासाठी कुरकुरणारे आपणच मग ‘पैसे नाहीत’ या पाटीपुढे उभं राहून बँकेचा उद्धार करायचो.

पोटात असेल तेच द्यायचं, हा यंत्राचा खाक्या जन्मापासूनचा आहे. २७ जून १९६७ रोजी लंडनमधल्या एनफील्डमध्ये बार्कलेज बँकेने पहिलं नोटा देणारं यंत्र बसवलं. ते एका वेळी जास्तीत जास्त १० पौंड द्यायचं. त्याचे कर्ते जॉन शेफर्ड-बॅरन. त्यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, १९२५ सालचा. चॉकलेट देणाऱ्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचली. चॉकलेटच्या यंत्राकडे कोणी अर्धी वडी मागत नाही आणि मागितली तरी मिळत नाही.

आपल्याकडे या पेट्यांचं महत्त्व सगळ्या देशाला कळलं ते नोव्हेंबर २०१६ मधल्या नोटबंदीत. दोन हजारांची नवी नोट आली खरी, पण तिचं माप वेगळं. जुन्या पेट्यांत ती बसेना. दोन लाखांहून अधिक यंत्रं, आणि प्रत्येकापाशी माणूस पाठवून पेटीचं माप बदलायचं! तोवर रांगा कुठवर गेल्या होत्या, हे सांगायला नको. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशेची नोट आली तेव्हा शंभर आणि पाचशे यांच्यातली मोठी दरी बुजली, पण पेट्यांची जुळवाजुळव पुन्हा आलीच.

यंत्राचं काम नोट बाहेर आली की संपतं. आपलं तिथून सुरू होतं. पाचशेची नोट जावयासारखी असते, मान सगळे देतात, कामाला कोणी लावू शकत नाही. पाव किलो गवार आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन ती पुढे केली, की भाजीवाल्या मावशी आधी नोटेकडे बघतात, मग आपल्याकडे. “सकाळी सकाळी पाचशे व्हय? सुट्टे बघा की दादा.” मग ती नोट शेजारच्या फुलवाल्याकडे जाते, तिथून कांदेवाल्याकडे, तिथून चहाच्या टपरीवर. बाजारभर हिंडून मोड येते, त्यात पाच रुपये कमी भरतात, त्याबदल्यात चार मिरच्या पिशवीत पडतात. एसटीचा कंडक्टर तर उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो. ते पैसे लक्षात ठेवून उतरण्याआधी मागून घेणं हा प्रवाशाचा गृहपाठ. फोनवरून पैसे देण्याची सोय झाली म्हणून बरं, नाहीतर बँकेची वाचलेली मेहनत सगळी मावशींच्या माथी होती. मोड करण्याचं काम कोणी तरी करायचंच असतं. यंत्राने ते केलं नाही, तर ते बाजाराच्या गळ्यात पडतं आणि त्याचा मेहनताना कोणी देत नाही.

रिझर्व्ह बँकेलाही हे पटलं असावं. एप्रिल २०२५ मध्ये तिने फर्मान काढलं, की एटीएममधल्या निदान एका पेटीतून शंभराच्या किंवा दोनशेच्या नोटा निघाल्या पाहिजेत. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के यंत्रांत आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के यंत्रांत.

पेटी भरणं बँकेच्या हातात, पण आकडा टाकणं आपल्या. तेव्हा पुढच्या वेळी ५०० च्या जागी ४०० टाकून पाहा. पेटीत लहान नोटा असतील तर यंत्राला त्या द्याव्याच लागतील, कारण पाचशेची नोट फाडून द्यायची विद्या त्याला अजून आलेली नाही.