लिंबाखालची गाडी

नवी गाडी घेतल्यापासून ज्याचा मोबाइल त्याच्या खिशात कमी आणि आपल्या नाकासमोर जास्त असतो, तो माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या बोदवडात ते आप्पा.

आप्पा ओट्यावर, गाडी समोर लिंबाखाली. मध्ये अकरा पावलं. तरी दर अर्ध्या तासाला आप्पा चष्मा कपाळावर चढवतात, पडद्यावरचं गोल चक्र थांबेस्तोवर श्वास रोखतात आणि जाहीर करतात, "गाडी लिंबाखालीच आहे, भो! चाकात हवा तेहतीस." हवा कोणी विचारलेली नसते.

जामनेरच्या लग्नात वरणात बट्टी कुस्करताना तुपाच्या बोटानं त्यांनी गाडी शोधली. मांडवामागेच होती. एका दहाव्याला तर कावळा पिंडाला शिवेना. तासाभरानं एक कसाबसा टेकला, तेवढ्यात आप्पांनी कुणाला तरी बटण दाबून दाखवलं. वडाखालच्या गाडीनं दिवे मिचकावून हॉर्न ठोकला. कावळा उडाला तो उडालाच. मयताची कोणती इच्छा अपुरी राहिली, यावर भाऊबंद अजून भांडतात.

गाडीच्या पोटात सिमकार्ड असतं. ते चाकाची हवा, दाराचं कुलूप, मुक्काम असं सगळं मोबाइलला कळवतं. २०१९ साली व्हेन्यू आणि हेक्टर आल्या आणि हे वेड आपल्याकडे रुजलं. आप्पांची गाडी तिसऱ्याच कंपनीची, वेड तेच. तीन वर्षं फुकट होतं; आता निरोप आला, पुढच्या वर्षाचे पैसे भरा.

आप्पांनी कापसाची काटापावती उलटी करून दोन रकाने आखले: फायदा, तोटा. मला धरून बसवलं. "सांग भो, भरू का नको?"

मी म्हटलं, "आप्पा, गाडी हलली की अख्खी गल्ली कळवते, तेही फुकट. बीएमडब्ल्यूनं २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायचं महिन्याचं भाडं लावलं. लोकांनी एवढी बोंब मारली, की पुढच्या वर्षी गुंडाळावं लागलं. आपल्याकडे मे महिन्यात सीट आपोआप तापते. कोण भाडं मागतं?" वर हेही ऐकवलं, की चाकातली हवा कळते, नळाला पाणी कधी येणार ते मात्र कळत नाही. आप्पांनी सगळं 'तोटा'खाली मांडलं.

त्याच आठवड्यात रात्री दहाला मलकापूर रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर आप्पा दिसले. एकटेच. चहावर साय धरलेली, मोबाइल टेबलावर उताणा. मी काही विचारणार तोच तो वाजला.

"आप्पा, एवढ्या रात्री कुठे निघालात?" पुण्याहून मुलगा.

"इथंच रे, सहज. तू जेवला का?"

मुलानं मोबाइलमध्ये गावाभोवती पंधरा किलोमीटरचं कुंपण घातलंय. गाडी त्याबाहेर गेली, की पुण्यात घंटी वाजते. एरवी मुलाला सवड नसते. टपरी कुंपणाच्या बाहेर एक किलोमीटरवर. आप्पांनी मोजूनच निवडली असावी. चांगली वीस मिनिटं बोलले. तोवर मी दोन चहा प्यायलो. पैसे आप्पांनीच दिले.

काटापावतीवर यासाठी रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पैसे भरून टाकले. गल्लीत सांगितलं, "चोऱ्या फार वाढल्यात, भो."

संध्याकाळी ओट्यावरून हाक आली, "गाडी लिंबाखालीच आहे, भो!"

मी थांबलो आणि पहिल्यांदाच विचारलं, "चाकात हवा किती, आप्पा?"