अण्णा मशीन घेणार आहेत

सोलापूरकराला दोन गोष्टींची वाट बघायची सवय लहानपणीच लागते: नळाच्या पाण्याची आणि पावसाची. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीने त्यात तिसरीची भर घातली आहे, ती अण्णांच्या वेल्डिंग मशीनची. पाणी चार-पाच दिवसांआड का होईना, येतं. पाऊसही उशिरा का होईना, तोंड दाखवतो.

अण्णा एकटे नाहीत. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेला, हातात अजून जोर आणि गच्चीवर मोकळी जागा असलेला असा गृहस्थ विजापूर रोडपासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही कॉलनीत सापडतो. तो तुमच्याकडे आला की आधी फाटकाची बिजागरी बघतो, मग तुम्हाला. चहा पिताना खिडकीच्या ग्रिलवरून बोट फिरवतो आणि विचारतो, "कुणी केलंय हे? टाके मारून सोडून दिलंय नुसतं."

अण्णांची गरज तशी साधी. पाण्याच्या ड्रमांना स्टँड, कूलरला स्टँड, जमलं तर नातवाला झोपाळा. एवढ्याला साधं इन्व्हर्टर मशीन आणि बारा नंबरच्या रॉडचं पाकीट झालं की झालं. दुकानदाराने हेच सांगितलं. पण त्याच्याच फळीवर अण्णांना 'मल्टिप्रोसेस' दिसलं. रॉड, मिग आणि टिग, वेल्डिंगच्या तीन पद्धती एका डब्यात, वर खांद्याला लावायचा पट्टा. अण्णा त्या दिवशी रॉड न घेता घरी आले आणि त्यांनी दोनशे पानी वही काढली.

पहिलं पान ड्यूटी सायकलचं. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं आराम. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. पण शेजारी बारीक अक्षरात होतं: ४० अंश तापमानाला. अण्णांनी चष्मा पुसला. "मेमध्ये आमच्याकडे ४३-४४ होतं. गच्चीवर तर विचारूच नका. मग साठातले उरले किती?" दुकानातला पोरगा म्हणाला, "सावलीत करा की, अण्णा." अण्णांनी वहीत लिहिलं: मे, खरेदी नको.

दुसरं पान विजेचं. मशीनवर आकडा २०० अँपिअरचा. तेवढ्यावर रॉड चालवायचा तर ठिणगीतच साडेपाच किलोवॅट जातात, आणि घरातला सोळा अँपिअरचा प्लग देतो जेमतेम साडेतीन. म्हणजे दोनशेतले शंभरच्या आसपासच आपले. बारा नंबरच्या रॉडला ऐंशी-नव्वद पुरतात, हे अण्णांना पाठ आहे. पण पैसे दोनशेचे मोजायचे आणि वापरायचे शंभर, हे त्यांना सोसत नाही. घ्यायचं तर वायरिंग बदलून घ्यायचं, असं ठरलं. वायरमन अजून ठरायचा आहे.

मिगचं गणित वाऱ्याने बिघडवलं. गच्चीवर वारा सुटला की कार्बन डायऑक्साइड शेजारच्या वाळवणावर जाणार आणि टाका आतून जाळीदार होणार. त्यावर तोड आहे: पोटात फ्लक्स भरलेली तार, तिला गॅस लागत नाही. मात्र तेव्हा टॉर्च आणि अर्थिंगची टोकं अदलाबदल करावी लागतात. ती सोय आहे का, हे बघायला अण्णांनी दुकानातल्या एकेका मशीनचं झाकण उघडायला लावलं. एका झाकणाचा स्क्रू हरवला. तेव्हापासून त्यांचा चहा बाहेरच्या बाकावर येतो.

खरा जीव टिगवर. कारण घरात ॲल्युमिनियमची शिडी आहे, एका पायाने अधू. पण स्वस्तातल्या थ्री-इन-वनमधलं टिग बहुतेक डीसी असतं. ते स्टीलला चालतं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पापुद्रा असतो, तो वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं आणि खालचा धातू तर ६६० लाच पाणी होतो. तो पापुद्रा फोडायला एसी टिग हवं, आणि त्या किमतीत शिड्यांचं दुकान निघेल. दुसऱ्या कुणी शिडी भंगारात घातली असती. अण्णांनी ती गोधडीत गुंडाळून ठेवली आहे. तीच गेली तर एसी टिग घ्यायचं कशासाठी?

बाकी तयारी पूर्ण आहे. आपोआप काळी होणारी काच आहे, चामड्याचा ॲप्रन आहे. हातमोजे तर वापरातही आहेत: हुरड्याला गेलं की आगटीतून कणसं काढायचा मान अण्णांचा.

या विद्येची झळ घरच्यांना लागते ती गड्ड्याच्या जत्रेत. संक्रांतीला होम मैदानावर सगळं सोलापूर लोटतं, नातू पाळण्यात बसायचं म्हणून हात ओढतो आणि अण्णा पाळण्याच्या खांबाला नाक लावून उभे. "अंडरकट," ते म्हणतात. मग मोबाईलची बॅटरी लावून पुढचा जोड. "हे बघ, पोरॉसिटी. वरून रंग मारलाय." तिकिटं हातात असलेली चार माणसं रांगेतून निघून जातात. पाळणेवाला हात जोडतो. नातवाला भजी घेऊन दिली जातात.

परवा आमच्या कोपऱ्यावरचा ग्रिलवाला मिस्त्री अण्णांकडे आला. त्याचं जुनं तेलाचं मशीन उचलायला चार माणसं लागतात, त्याला नवीन घ्यायचं होतं. अण्णांनी वहीसुद्धा उघडली नाही. "नुसतं रॉडचं इन्व्हर्टर घे. सर्व्हिस गावात आहे का बघ, केबल जाड बघ. मल्टिप्रोसेसच्या नादी लागू नकोस." दोन मिनिटांत निकाल.

"आणि तुम्ही कुठलं घ्यायलाव, अण्णा?"

"माझं वेगळं आहे. तुझं पोटाचं काम, तुला एक प्रोसेस पुरे. माझी हौस आहे, तिचं तिनांत भागत नाही."

मिस्त्रीने त्याच संध्याकाळी मशीन आणलं. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि होल्डर अण्णांच्या हातात दिला. "मालक, पहिला टाका तुमचा." कॉलनी जमली. अण्णांनी हातमोजे चढवले, काच ओढली, रॉड अँगलवर टेकवला. रॉड चिकटला. हलवला, ओढला, निघेना. पोरं हसायच्या बेतात आली.

अण्णांनी काच वर केली आणि मशीनच्या आकड्यांकडे बोट दाखवलं. "बघितलंस? अँटी-स्टिक लागलं. करंट आपोआप खाली आला. मशीन चांगलं आहे रे."